पांढरं जाणं, खाज आणि यीस्ट इन्फेक्शन: मलम लावण्याआधी कोणत्या क्रमाने काय करायचं

नागपुरात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून बसते, त्यामुळे हळू आवाजातलं एक वाक्य सतत कानावर पडतं: "ताई, खूप खाज येऊन राहिली, एखादं मलम द्या ना." सोबत नवरा किंवा सासू उभी असली तर तेवढंही बोललं जात नाही. मोबाइलमधला रिकाम्या ट्यूबचा फोटो नुसता पुढे केला जातो.

माझी तक्रार बायकांच्या संकोचाबद्दल नाही. चुकतो तो क्रम. आधी मैत्रिणीने सांगितलेलं मलम, मग कुणाच्या तरी चिठ्ठीवरची कॅप्सूल, मग तीन औषधांचा किट, आणि काहीच लागू पडलं नाही की डॉक्टर. तोवर खरं दुखणं काय होतं हे तपासणीतही धड दिसत नाही. योग्य क्रम बरोबर उलटा आहे. तो इथे टप्प्याटप्प्याने देते.

टप्पा १: लक्षणं नीट पाहा

अंगावरून थोडं पांढरं जाणं हा आजार नाही. पाळीच्या मध्यावर ते पातळ, पारदर्शक आणि ताणलं जाणारं असतं. पाळी जवळ आली की थोडं घट्ट आणि दुधी होतं. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर औषधही नाही. कपड्यावर वाळून पिवळसर डाग पडतो म्हणूनही घाबरू नका.

यीस्ट इन्फेक्शन म्हणजे कॅन्डिडा नावाच्या बुरशीची बेसुमार वाढ. बहुतेक वेळा ती कॅन्डिडा अल्बिकन्स असते. तिचं मुख्य लक्षण खाज आहे, स्राव नव्हे. लक्षणं साधारण अशी:

- योनीच्या तोंडाशी आणि बाहेरच्या भागावर खाज, बहुधा पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढणारी
- लाली, सूज, कधी त्वचेला बारीक भेगा
- लघवी बाहेर पडून त्या भागाला लागली की आग होणे
- संबंधाच्या वेळी दुखणे
- फाटलेल्या दुधासारखा घट्ट, गुठळ्यांचा पांढरा स्राव, ज्याला विशेष वास नसतो

शेवटचं लक्षण सगळ्यांना पाठ आहे. पण कित्येक जणींना यीस्ट असूनही स्राव नेहमीसारखाच असतो, आणि कित्येक जणींना भरपूर पांढरं जात असूनही यीस्ट नसतं.

यीस्ट समजून जे दुसरेच आजार अंगावर काढले जातात, त्यांत पहिला बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात स्राव पातळ आणि करडा-पांढरा असतो, त्याला मासळीसारखा वास येतो. संबंधानंतर वास वाढतो, खाज मात्र कमी किंवा नसतेच. बुरशीच्या औषधाने हा आजार हलत नाही. दुसरा ट्रायकोमोनास. यात स्राव पिवळा-हिरवा, कधी फेसाळ असतो, वास आणि आगही असते. तो संबंधातून पसरतो, म्हणून जोडीदारालाही औषध लागतं.

तिसरी शक्यता संसर्गाची नाहीच. नवा साबण, सुगंधी पॅड, केस काढायचं क्रीम किंवा जाहिरातीतला 'इंटिमेट वॉश' यांनी त्वचा चिडते. तिथे बुरशीचं मलम लावलं की ती आणखी चिडते.

लक्षणांवरून आपण किती चुकतो याचं एक मोजमाप आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच यीस्टचं निदान करून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी झाली. फक्त यीस्ट इन्फेक्शन असलेल्या जेमतेम एक तृतीयांश निघाल्या. काउंटरच्या या बाजूने मला याचं नवल वाटत नाही.

तपासा: खाज आधी की वास आधी? स्राव घट्ट की पातळ? पाळीच्या कितव्या दिवशी सुरू झालं? तीनही उत्तरं आणि पाळीची तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा, टप्पा ४ मध्ये लागतील.

टप्पा २: कुणी घरी थांबायचंच नाही

खालीलपैकी काहीही असेल तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांकडे जायचं ठरवा:

- गर्भवती आहात, किंवा पाळी चुकली आहे
- ओटीपोटात दुखतं, ताप आहे, उलट्या होतात
- पाळी नसताना किंवा संबंधानंतर रक्त जातं
- फोड, जखमा किंवा पांढरट पडलेली पातळ त्वचा दिसते
- मधुमेह आहे, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू आहे
- आयुष्यात पहिल्यांदाच असा त्रास होतो आहे
- मागच्या औषधानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा सुरू झालं

दोन वयोगटांविषयी वेगळं सांगायला हवं. पाळी न आलेल्या मुलीला तिथे खाज येत असेल तर यीस्टची शक्यता कमी असते. जंत, साबण, स्वच्छतेची पद्धत अशी कारणं जास्त असतात. तिला मोठ्या बाईचं मलम लावू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि पाळी गेलेल्या बाईला मधुमेह नसेल तर नव्याने यीस्ट होणं तितकंसं सामान्य नाही. कोरडेपणा किंवा त्वचेचा आजार असू शकतो. "आता या वयात काय दाखवायचं" म्हणून आजी-काकू वर्षानुवर्षं खाजवत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना मुलीने किंवा सुनेने हात धरून न्यावं.

टप्पा ३: कारण शोधा

कॅन्डिडा बाहेरूनच येते असं नाही. सुमारे १० ते २० टक्के स्त्रियांच्या योनीमार्गात ती कुठलाही त्रास न देता राहते. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू वातावरण आम्लधर्मी ठेवतात आणि तिला आवरतात. हा तोल बिघडला की ती वाढते. मागच्या महिनाभरात पुढचं काय काय घडलं ते आठवा.

*अँटिबायोटिक.* सर्दी-खोकल्यासाठी, दातासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी पाच दिवसांचा कोर्स घेतला आणि आठवड्याने खाज सुरू झाली, हे मी वारंवार ऐकते. अँटिबायोटिक चांगले जिवाणूही मारतं. डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्धवट सोडू नका. पण विषाणूच्या सर्दीसाठी अँटिबायोटिक मागूही नका.

*साखर.* रक्तातली साखर वाढलेली असेल तर बुरशी फोफावते. मधुमेहाचं निदान होण्याआधीचं पहिलं लक्षण म्हणून वारंवार यीस्ट होऊ शकतं. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही हे होतं, कारण त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. आपल्या गोळीच्या पत्त्यावर (स्ट्रिपवर) डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव आहे का पाहा. असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका. पुरुषांनाही या गोळ्यांमुळे लिंगाच्या टोकाशी लाली आणि खाज येते आणि तेही मलमच मागत येतात.

*हार्मोन.* गरोदरपण आणि इस्ट्रोजेन जास्त असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या.

*स्टेरॉइड.* दमा, संधिवात किंवा त्वचेसाठी चालू असलेल्या गोळ्या, आणि त्याच भागावर लावलेलं स्टेरॉइड मलम. त्याबद्दल टप्पा ६ मध्ये सविस्तर सांगते.

*घाम आणि ओल.* मे महिन्यात पारा ४५ च्या वर, अंगावर घट्ट जीन्स, आणि बर्डीच्या बाजारापासून घरापर्यंत स्कूटीच्या तापलेल्या सीटवर. रात्री खोलीत कूलरची दमट हवा. एवढ्याने यीस्ट होतंच असं नाही, पण तोल आधीच बिघडला असेल तर भर पडते. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. अंतर्वस्त्रं कुणाला दिसू नयेत म्हणून दोरीवर ओढणीच्या किंवा साडीच्या आड, नाहीतर बाथरूममधल्याच खिळ्यावर वाळत घातली जातात. जुलै-ऑगस्टमध्ये ती सकाळी बाहेरून कोरडी लागतात, पण शिवणीचा भाग आणि इलॅस्टिक बोटांत दाबून पाहिलं तर गार, ओलसर असतं. तेच दिवसभर अंगावर राहतं. ती उघड्यावर, उन्हात वाळवा. ऊन नसेल तर पंख्याखाली, मोकळी, एकावर एक न टाकता. शिवण कोरडी झाली का ते हाताने दाबून पाहा आणि मगच घाला.

यीस्ट इन्फेक्शन हा सहसा संबंधातून लागणारा आजार धरत नाहीत. लग्न न झालेल्या मुलीलाही होतो. यावरून कुणाच्या चारित्र्याची चर्चा करायचं कारण नाही. नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला औषधही लागत नाही.

टप्पा ४: तपासणीला जाण्याआधीची तयारी

हा टप्पा बहुतेक जणी वगळतात आणि मग "तपासणीत काहीच निघालं नाही" म्हणतात.

१. शक्यतो पाळी चालू नसतानाचा दिवस निवडा. त्रास फार असेल तर मात्र वाट पाहू नका.

२. आधीचे दोन-तीन दिवस आत कुठलंही मलम किंवा गोळी घालू नका. अर्धवट औषधाने बुरशी दबते आणि नमुन्यात दिसत नाही, आजार मात्र तसाच राहतो.

३. आदल्या दिवसापासून संबंध टाळा. योनीमार्ग आतून धुऊ नका. बाहेरून साध्या पाण्याने धुवायला हरकत नाही.

४. आतापर्यंत वापरलेल्या प्रत्येक ट्यूबचा, पत्त्याचा, किटचा फोटो काढा. "पांढरी ट्यूब, वर निळी पट्टी" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

५. चालू असलेली सगळी औषधं लिहून न्या. शुगरच्या, बीपीच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नक्की लिहा.

कुठे जायचं? घराजवळ स्त्रीरोगतज्ज्ञ असतील तर तिथेच. खाजगीचा खर्च परवडत नसेल तर डागा, मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहेत, मिहानला एम्सही आहे. सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाने चालणाऱ्या केंद्रांत अशा तक्रारींची तपासणी आणि औषधं मोफत असतात. ओपीडीला सकाळी लवकर जा आणि केसपेपर काढताना "पांढरं जातं आणि खाज आहे" असं सरळ सांगा. "कमजोरी आहे" म्हणालात तर भलत्याच विभागाच्या रांगेत लागाल.

टप्पा ५: तपासणीत काय होतं

डॉक्टर आधी बाहेरचा भाग पाहतात. मग स्पेक्युलम नावाच्या साधनाने योनीमार्ग हळुवार उघडून आतला स्राव आणि गर्भाशयाचं तोंड पाहतात, कापसाच्या काडीवर नमुना घेतात. दोन-चार मिनिटांचं काम असतं. श्वास रोखून धरू नका, त्याने स्नायू आवळतात आणि दुखतं.

संबंध आलेला नसेल तर ते सुरुवातीलाच सांगा. स्पेक्युलम न वापरता बारीक काडीने नमुना घेता येतो. सोबत आई असल्यामुळे बोलता येत नसेल तर "डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीने बोलायचं आहे" असं म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

नमुन्याची आम्लता कागदी पट्टीने पाहतात. यीस्टमध्ये पीएच बहुधा ४.५ किंवा त्याखाली असतो, बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये त्याच्या वर जातो. मग नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू आणि कोंब शोधतात. ते दिसले नाहीत म्हणजे यीस्ट नाहीच असं होत नाही. लक्षणं ठळक असतील किंवा त्रास परत परत होत असेल तर कल्चर मागवतात, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहतात.

सावधान: उलटंही खरं आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रिपोर्टात कॅन्डिडा लिहून आली आणि तुम्हाला काही त्रास नसेल, तर औषध घ्यायची गरज नसते.

तपासणीची सोय नसलेल्या ठिकाणी लक्षणांवरूनच औषध देतात. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल आणि फ्लुकोनॅझोल अशी दोन औषधं असतात, एक जिवाणू आणि ट्रायकोमोनाससाठी, दुसरं बुरशीसाठी. ते तिथे दिल्याप्रमाणे पूर्ण घ्या. पण पुढच्या वेळी तोच किट आठवणीने दुकानातून मागू नका.

टप्पा ६: औषध बरोबर वापरणे

साध्या यीस्टसाठी दोन मार्ग आहेत. एक, योनीमार्गात ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी किंवा क्रीम. ताकदीप्रमाणे एक रात्र, तीन रात्री किंवा सहा-सात रात्री. दोन, तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, एकदाच. दोन्हींचा गुण साधारण सारखाच. कोणतं घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

आत ठेवायच्या गोळीचा क्रम असा:

१. झोपायच्या अगदी आधी ठेवा. सकाळी ठेवून कामाला लागलात तर निम्मी बाहेर येते.

२. हात साबणाने धुऊन पुसा. नखं कापलेली असू द्या.

३. गोळी कोरडी वाटली तर स्वच्छ पाण्याचे दोन थेंब लावा.

४. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या. बोटाने किंवा पाकिटातल्या अ‍ॅप्लिकेटरने गोळी जाईल तितकी आत सारा. तोंडाशीच ठेवलेली गोळी विरघळून वाहून जाते.

५. मग उठू नका. लघवीला आधीच जाऊन या.

६. सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो. ते औषधाचे अवशेष आहेत, आजार वाढलेला नाही. साधं पॅड लावा.

सावधान: ही गोळी तोंडाने घ्यायची नाही. हे लिहावं लागतं, कारण नुसतं "रात्री एक" एवढंच ऐकून घरी गेलेल्या बाईने ती पाण्याबरोबर गिळल्याचं दुकानात येऊन सांगितलं जातं.

गर्भवतींना तोंडाने फ्लुकोनॅझोल देत नाहीत. त्यांना सात रात्री आत ठेवायचं औषध देतात, आणि अ‍ॅप्लिकेटर वापरायचा की नाही हे डॉक्टरांना विचारून घ्यायचं.

फ्लुकोनॅझोलचं इतर औषधांशी वाकडं आहे. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनबरोबर रक्तस्राव वाढू शकतो. शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर साखर एकदम खाली येऊ शकते. टप्पा ४ मधली यादी म्हणून महत्त्वाची. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर रागावू नका. शेजारणीला गजकर्णासाठी महिनाभर फ्लुकोनॅझोल दिलं होतं म्हणून तुम्हीही रोज एक सुरू करू नका, तो आजार आणि तो डोस दोन्ही वेगळे.

आता त्या मलमाबद्दल. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये घातलेली मलमं सर्रास मागितली जातात. स्टेरॉइडमुळे खाज एका दिवसात थांबते, म्हणून सगळ्यांना ती गुणकारी वाटतात. प्रत्यक्षात त्वचेचा प्रतिकार दबतो, बुरशी खाली वाढत राहते आणि मलम थांबवलं की दुप्पट जोराने वर येते. जांघेची त्वचा पातळ होते, तिथे कायमचे पट्टे पडतात. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर डॉक्टरांनी पाहून दिल्याखेरीज ते तिथे लावू नका.

दही, लसूण, कडुनिंबाचा रस किंवा तुरटीचं पाणी आत घालू नका. जंतुनाशकाच्या पाण्याने धुऊही नका, आगीत भरच पडते. दही खायला हरकत नाही, पण ते औषध नव्हे.

टप्पा ७: कोर्सचे दिवस आणि नंतरचा आठवडा

दोन-तीन दिवसांत खाज उतरायला लागते. नेमकं तिथेच औषध थांबवलं जातं. सात रात्रींचा कोर्स सात रात्रींचाच. मध्ये पाळी आली तर डॉक्टरांना विचारा. टॅम्पॉन मात्र वापरू नका, ते औषध शोषून घेतं.

कोर्स संपेपर्यंत संबंध टाळलेले बरे. तेलकट क्रीम आणि गोळ्यांनी कंडोम कमकुवत होतो, हे माहीत नसल्याने नको असलेलं गरोदरपण येऊ शकतं.

बाहेरचा भाग दिवसातून एक-दोनदा साध्या पाण्याने धुवा, पुढून मागे, आणि टिपून कोरडा करा. सुती अंतर्वस्त्रं घाला. रात्री सैल कपडे.

तपासा: सात दिवसांनी खाज, आग, लाली तिन्ही गेली का? गेली असेल तर पुन्हा तपासणीची गरज नाही. एकही शिल्लक असेल तर दुसरी ट्यूब आणू नका, त्याच डॉक्टरांकडे परत जा.

टप्पा ८: पुन्हा पुन्हा होत असेल तर

वर्षभरात तीन किंवा जास्त वेळा त्रास झाला तर त्याला वारंवार होणारं यीस्ट म्हणतात आणि त्याचा उपचार वेगळा असतो. इथे दर वेळी एकच कॅप्सूल घेत राहणं ही सगळ्यात मोठी चूक.

डॉक्टरांकडे दोन गोष्टींचा आग्रह धरा. पहिली, कल्चर. कॅन्डिडा ग्लॅब्राटासारख्या प्रकारावर फ्लुकोनॅझोल नीट चालत नाही आणि ते कल्चरशिवाय कळत नाही. दुसरी, साखरेची तपासणी: उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही. गरजेप्रमाणे डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही सुचवतील. तो संशय नव्हे, प्रतिकारशक्ती पाहण्याचा भाग आहे.

नेहमीच्या अल्बिकन्ससाठी आधी लांब कोर्स देतात: सात ते चौदा रात्री आत ठेवायचं औषध, किंवा फ्लुकोनॅझोल पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. त्रास पूर्ण थांबला की आठवड्याला एक कॅप्सूल सहा महिने. आठवड्याचा एकच वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा, सहा महिन्यांत एखादा आठवडा सुटतोच. मधल्या काळात गर्भ राहिल्याची शंका आली तर पुढची कॅप्सूल घेऊ नका, आधी चाचणी करा आणि डॉक्टरांना कळवा.